लहान बेटावर गावाच्याच मालकीची वीज खरंच चालते का?

तुम्ही विचारलंय की शंभरेक माणसांच्या बेटावर लोकांच्या मालकीची वीज टिकते, की अनुदान संपलं की गाशा गुंडाळतात. मी नोकरीनिमित्त ग्लासगोला असतो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एग नावाचं बेट आहे (अंड्याशी संबंध नाही), तिथे दोनदा राहून आलोय. टिकते. १ फेब्रुवारी २००८ पासून टिकलीय.

मुख्य भूमीवरून वीज तिथे येतच नाही. पूर्वी घरोघरी डिझेलचे जनरेटर धडधडायचे. १९९७ साली रहिवाशांनी इतरांच्या साथीने ट्रस्ट करून बेटच विकत घेतलं आणि पुढे वीज कंपनीही ट्रस्टचीच काढली. ओढ्यांवर जलविद्युत (मोठा संच १०० किलोवॅटचा), चार छोट्या पवनचक्क्या, सौर पॅनल आणि बॅटऱ्या. हिवाळ्यात पाऊस-वारा धो धो, उन्हाळ्यात ओढे आटले की ऊन हात देतं. डिझेल उरलंय ते अडीनडीला.

मला विचाराल तर सगळा डोलारा एका नियमावर उभा आहे: घराला एका वेळी ५ किलोवॅट, धंद्याला १०. घर केवढंही असो, तेवढेच. पहिल्या मुक्कामात मी हीटर लावून बसलो होतो, वॉशिंग मशीन फिरत होतं, वर चहाची किटली लावली. खट्! अंधार. किटली तीन, हीटर दोन, इथेच हिशेब संपला होता. घरमालकीण बाई शांतपणे म्हणाल्या, "आता गावातला माणूस येऊन सुरू करेल, त्याचे पैसे तुमच्याकडून." ओट्याजवळ एक छोटा मॉनिटर होता, दुसऱ्या दिवसापासून आधी त्यावरचा आकडा बघायचो, मग किटली.

वीज जास्त झाली तर सार्वजनिक हॉल, चर्च अशा ठिकाणचे हीटर तापतात. तेवढीच सगळ्यांना ऊब.

उभारणीला १६ लाख पौंडांच्या आसपास लागले, बहुतेक अनुदानातून. ते झाकण्यात अर्थ नाही. रोजची देखभाल मात्र बेटावरच्याच शिकवून तयार केलेल्या माणसांकडे आहे.

घारापुरीला २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज नेली. तिथे एगचा कित्ता गिरवायला हवा होता असं मी म्हणणार नाही, मुंबई समोर दिसते. पण तुमच्या मनात दूरचं एखादं बेट असेल, तर पॅनलचं कोटेशन मागवायच्या आधी ग्रामसभेत एवढं विचारा: सरपंचांच्या घरी दुसरा एसी बसायला लागला, तर 'नको' म्हणायला कोण जाणार?