'विसास एक' : चढ, उतार, चढण आणि माथेरानची इंजिने

विचारणा अशी आहे : नेरळ-माथेरान मार्गावरच्या जुन्या वाफेच्या इंजिनांविषयी मराठीत लिहिताना '1:20 च्या उतारावर गाडी ओढणारी इंजिने' हे वाक्य चालेल का? गाडी वर चढत असताना 'उतार' हा शब्द खटकतो, पण 'चढ' म्हणावे की 'चढण' याचाही उलगडा होत नाही. शिवाय 1:20 हे मराठीत वाचायचे कसे?

वाक्य अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही, कारण 'उतार' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वावरतो. छपराचा उतार, नदीपात्राचा उतार, भूगोलाच्या पुस्तकातला तीव्र किंवा मंद उतार, या ठिकाणी कोणी वर जात नाही आणि खालीही येत नाही. पृष्ठभाग कलता आहे एवढेच सांगायचे असते. मात्र वाक्यात वाटसरू, बैलगाडी किंवा इंजिन आले की शब्दाला दिशा येते, आणि मग 'उतारावर गाडी ओढली' हे मराठी कानाला विपरीत वाटते, कारण उतारावर गाडी आवरायची असते. म्हणून या वाक्यात 'चढ' हाच शब्द हवा. त्याला शालेय गणिताचाही आधार आहे : निर्देशक भूमितीत आपण 'रेषेचा चढ' म्हणतो आणि रेषा खाली झुकत असली तरी शब्द न बदलता तो चढ ऋण आहे असे सांगतो. मोजण्याची राशी म्हणून 'चढ' मराठीत रुळलेला आहे.

'चढण' मात्र राशी नव्हे, तो रस्त्याचा तुकडा आहे. चढण लागते, लांबते, दमवते आणि संपते. 'जुम्मापट्टीच्या पुढची चढण' (जुम्मापट्टी हे याच मार्गावरचे स्थानक) हे शुद्ध आणि सुंदर मराठी आहे. '1:20 ची चढण' हेही समजते, पण आकडा आला की मी 'चढ' पसंत करीन. गवंडी फरशीला देतात तो 'ढाळ' हा याच कुळातला फार नेमका शब्द आहे, परंतु तो पाणी वाहून जाण्याशी इतका बांधलेला आहे की रेल्वेच्या वर्णनात तो आणू नये.

आता आकड्याच्या वाचनाकडे वळू. 'एकास वीस' असे वाचले तर सिमेंट-वाळूच्या मालाचे प्रमाण डोळ्यांपुढे येते. येथे अर्थ असा आहे की वीस फूट पुढे गेल्यावर मार्ग एक फूट वर जातो. म्हणून 'विसास एक चढ' असे म्हणावे, किंवा लेखात पहिल्यांदा येताना 'वीस फुटांना एक फूट' असे उलगडून लिहावे. या वाचनाने एक नेहमीचा गोंधळही टळतो. शेजारच्या बोरघाटातला चढ 1:37 आहे, आणि मोठा आकडा म्हणजे मोठा चढ असे समजणारे वाचक पुष्कळ असतात. 'सदतिसास एक' आणि 'विसास एक' असे शेजारी ठेवले की माथेरानचा चढ जवळजवळ दुपटीने तीव्र आहे हे लगेच उमगते. निलगिरीच्या मीटरगेजवर तो बारास एकच्या आसपास पोहोचतो, आणि तिथे इंजिनाला रुळांच्या मधोमध बसवलेल्या दात्यांच्या पट्टीचा आधार घ्यावा लागतो.

माथेरानला तशी पट्टी नाही, आणि म्हणूनच या इंजिनांविषयी लिहिताना शब्द नेमका हवा असे मला वाटते. विसास एक चढ कोनात मोजला तर तीन अंशही भरत नाही, डोळ्यांना तो किरकोळ वाटतो. पण त्यावर प्रत्येक टन वजन नुसते वर नेण्यासाठी सुमारे 50 किलोची ओढ लागते, आणि सपाट रुळांवर तेवढेच वजन हलवायला याच्या कितीतरी कमी ओढ पुरते. ही सगळी ओढ पोलादी चाक पोलादी रुळाला जेवढे धरेल तेवढ्यावर अवलंबून असते. पकड सुटली की चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि रुळांवर वाळू सोडावी लागते. दोन फुटी नॅरोगेजचा हा मार्ग 1907 मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यासाठी जर्मनीतील ओरेन्स्टाइन आणि कोपेल या कारखान्याची सहा चाकी इंजिने आणली गेली. त्यांना मागे वेगळा टेंडर, म्हणजे पाणी-कोळशाचा जोडडबा, नव्हता. पाणी आणि कोळसा इंजिनावरच असे आणि ते सारे वजन ओढणाऱ्या चाकांवर पडे.

पण सहाही चाके दांड्यांनी जोडलेली असली तर या मार्गावरच्या तीव्र वळणांवर इंजिन अडणार. त्यावरचा उपाय क्लीन-लिंडनर पद्धतीचा होता : पुढच्या आणि मागच्या चाकांचा अ‍ॅक्सल (आस) दुहेरी, आत भरीव आणि त्याच्याभोवती पोकळ. दांडे आतल्या अ‍ॅक्सलला जोडलेले, चाके बाहेरच्या पोकळ अ‍ॅक्सलवर, आणि हा पोकळ अ‍ॅक्सल वळणासरशी किंचित तिरपा होऊ शकतो, बाजूलाही सरकू शकतो. 1980 च्या दशकाच्या आरंभापर्यंत ही इंजिने माथेरानची वाट चढत राहिली.

तेव्हा वाक्य 'विसास एक चढावर गाडी ओढणारी इंजिने' असे करावे. 'उतार' मात्र टाकून देऊ नये. गाडी नेरळकडे परत निघते त्या परिच्छेदात तो हक्काने वापरावा, कारण तिथे वर्णनाचा विषयच बदलतो : ओढ बाजूला राहते आणि इंजिनाच्या शिट्टीच्या खुणेवर डब्यांचे हातब्रेक आवळणारे ब्रेकमन महत्त्वाचे ठरतात.