तळ्याचं पाणी शेवटच्या बांधीत पोचतं का? विज्ञान कादंबरीतला आदर्शवाद आणि सिनिकपणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साकोलीकडच्या गावात बसून तुम्ही 2150 सालच्या झाडीपट्टीवर, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यावर, विज्ञान कादंबरी लिहिताय. मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी वाटायला विचार करणारं यंत्र बसवलंय, ते हळूहळू पाणी खालच्या कारखान्याकडे वळवतं, आणि एक शिक्षिका गाव उभं करते. एक मित्र म्हणतो, शेवट गोड झाला की ही ग्रामसुधारणेची पुस्तिका होईल. दुसरा म्हणतो, सगळं काळं ठेवलंस तर आपल्याकडचा माणूस पैसे देऊन रडायला कशाला घेईल? म्हणून विचारताय, आदर्शवाद ठेवू की सिनिकपणा, म्हणजे कुणाच्याच चांगुलपणावर विश्वास नसणं.

दोन्ही मित्र शेवटाबद्दल बोलताहेत आणि घोळ तिथेच आहे. कुणी चांगलं काम केलं तर पुढे त्याचं काय होतं, याचा हिशोब पुस्तकभर कसा ठेवलाय त्यावर कादंबरीचा कल ठरतो. शेवटचं प्रकरण फक्त बाकी दाखवतं.

एक जोडी बघा. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (1954-55) फ्रोडोला एक घातक अंगठी ज्वालामुखीत टाकून नष्ट करायची असते, पण तो ऐन वेळी हरतो. ज्वालामुखीच्या काठावर पोचल्यावर तो अंगठी टाकायला नकार देतो आणि बोटात घालतो. अंगठी नष्ट होते ती गॉलममुळे, जो त्या अंगठीसाठी वेडा झालेला असतो. तो फ्रोडोचं बोट चावून तोडतो आणि अंगठीसकट खाली पडतो. गॉलम तिथवर जिवंत पोचला, कारण आधी फ्रोडोचा नातलग बिल्बो याने आणि मग फ्रोडोने हातात आलेला असताना त्याला सोडलं होतं. नायक हरला आणि त्याची जुनी दया कामी आली. आता मार्टिनच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मधला (1996) नेड स्टार्क घ्या. राणीचं गुपित कळल्यावर तो राजाला सांगण्याआधी तिलाच सांगतो, मुलांना घेऊन निघून जा. मुलांचा जीव जाऊ नये एवढाच हेतू. त्या दयेमुळे राणीला डाव रचायला वेळ मिळतो आणि नेडचं मुंडकं उडतं.

दया तीच, निकाल उलटा. एवढ्यावर मार्टिनला सिनिकल ठरवणारे पुष्कळ आहेत. पण त्याच मालिकेच्या पाचव्या खंडात (2011) उत्तरेतली डोंगरी माणसं बर्फ तुडवत लढाईला निघतात ती नेडच्या मुलीला सोडवायला. ती मुलगी नेडची नाहीच, तोतया आहे, हा मार्टिनचा खास खवचटपणा. तरी नेडच्या नावाची उधारी लोकांनी डोक्यात ठेवली होती, हे खरंच. म्हणजे खतावणी मिटवलेली नाही, वसुली उशिरा आणि वाकड्या वाटेने झाली.

माझ्या मते सिनिकल कादंबरी म्हणजे जिथे ही खतावणीच नसते. कुणी काही केलं तरी पुढच्या प्रकरणात त्याची आठवण कुणालाच नाही. याउलट लबाडीला मात्र दर वेळी, वेळेवर, रोख मोबदला. कोरडवाहू शेतकऱ्याला यातली खोट लगेच कळेल. पाऊस दर वर्षी वेळेवर येतो असं लिहिणारा जेवढा खोटा, तेवढाच दर वर्षी येतच नाही असं लिहिणाराही. खरा त्रास पावसाच्या लहरीपणात आहे: एक सर लवकर येते, पेरणी होते, मग वीस दिवस उघाड आणि दुबार पेरणी. कादंबरीत ही लहर आली की वाचक विश्वास ठेवतो.

आणि निराशा, राग व सिनिकपणा या तीन गोष्टी एका पोत्यात भरू नका. ऑर्वेलच्या '1984'मध्ये (1949) विन्स्टन पुरता मोडतो, शेवटी ज्या हुकूमशहाचा द्वेष केला त्याच्यावरच प्रेम करू लागतो. तरी ते पुस्तक सिनिकल नाही, कारण लेखक पानोपानी चिडलेला आहे. सिनिक माणूस चिडत नाही, खांदे उडवतो. पानठेल्यावर ऐकू येणारं "होत काही नाही बाप्पा, सगळे एकाच माळेचे मणी" हे वाक्य नीट ऐका. त्यात दुःख कमी आणि सवलत जास्त आहे. काहीच होणार नसेल तर ग्रामसभेला जायची गरज नाही, कुणाशी वाकडं घ्यायची गरज नाही. तुमच्या कादंबरीत असं बोलणारं एक पात्र हवंच, पण त्या बोलण्यातून त्याला काय मिळतं ते दाखवा. उदाहरणार्थ, कारखान्याच्या गाड्यांवर त्याचा पोरगा लागलाय. मग तो माणूस होतो, नुसता आवाज राहत नाही.

राग आणि श्रद्धा एका जागी कशी नांदते ते बघायला लांब जायला नको. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या करून झडत्या (टोमणे मारणारी गाणी) म्हणतात, त्यात सावकारापासून सरकारपर्यंत सगळ्यांची साल काढतात, आणि लगेच "हर हर महादेव" म्हणून पोळा फुटतो. कडवट बोलणारा तोच, बैलाला ओवाळणाराही तोच. तुमच्या मित्रांनी घातलेला पेच त्या तोरणाखाली कुणाला पडत नाही.

आता तुमच्या तळ्याकडे येतो, कारण कादंबरीचं खरं बळ तिथे आहे आणि तुम्ही ते वापरलेलंच नाही. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, 1950-51 मध्ये गेली आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हे तलाव 'माजी मालगुजारी' म्हणून सरकारकडे आले. वापरणारा एक, मालक दुसरा. गाळ कुणी काढायचा, पाळ कुणी बांधायची, तुडुम (तलावातून पाणी सोडायची मोरी) दुरुस्तीचा खर्च कुणाचा, यावर कागद फिरत राहिले आणि तलाव बुजत गेले. यात कुणी राक्षस नाही. बरं, आधीचा मालगुजारही काही संत नव्हता. दुष्ट माणूस न दाखवता विनाश कसा दाखवायचा, याचा इतका चांगला नमुना तुमच्या गावाच्या पाळीवर पडलेला असताना तुम्ही यंत्राला लबाड करून ठेवलंय. ते काढा.

यंत्र कसं बांधायचं ते सांगतो. त्याला एकच उद्दिष्ट द्या: तलावातल्या दर हजार लिटर पाण्यामागे जास्तीत जास्त रुपये निघाले पाहिजेत. एक किलो तांदळाला अडीच-तीन हजार लिटर तरी पाणी जातं. कारखाना तेवढ्याच पाण्यात कितीतरी पट पैसा काढून दाखवेल. म्हणजे यंत्र कुणाचा द्वेष न करता, एकही खोटा आकडा न देता, दर हंगामात धानाचं पाणी थोडं थोडं कापत जाईल. पहिल्या वर्षी शेवटच्या चार बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं) कोरड्या, तिसऱ्या वर्षी वीस. मग खरा प्रश्न उभा राहतो: हे उद्दिष्ट कुणी लिहिलं, आणि ते बदलायचा अधिकार कुणाला आहे? तुमच्या सध्याच्या मसुद्यात शिक्षिका यंत्राचा कावा उघड करते आणि गाव पेटून उठतं. कावा उघड झाल्याने पाणी येत नाही. उद्दिष्ट बदललं तर येतं.

ते बदलण्याची वाट कशी लिहायची याला गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव बघा. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. सहमती झाली नाही तर विषय पुढच्या बैठकीला जातो. शिवाय अभ्यासगट आहेत. बाहेरचा जाणकार तिथे माहिती देतो, निर्णय मात्र ग्रामसभेचा. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडलं. भांडण कशावरून? 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाडात धरलं होतं आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंत. बांबू झाड की गवत, या एका व्याख्येवर हक्क असलेलं गाव दोन वर्षं अडकलं. विज्ञान कादंबरी लिहिणाऱ्याने हे कात्रण भिंतीवर चिकटवावं. तुमच्या कथेतला खलनायक असाच असू द्या, एक व्याख्या. 'शेती' म्हणजे काय, 'वापर' म्हणजे काय, 'तोटा' कशाला म्हणायचं.

म्हणून सत्तावीसाव्या प्रकरणातलं शिक्षिकेचं पाच पानी भाषण काढा. भाषण ऐकून मन बदललेलं गाव कुणालाच पटत नाही. त्याजागी तीन बैठका लिहा. पहिलीत कोरम होत नाही. दुसरीत वरच्या बांध्यांचे मालक म्हणतात, आमचं तर बरं चाललंय. तिसरीत कुणीतरी असा तोडगा मांडतो की ज्यात वरच्यालाही थोडं सोडावं लागतं आणि खालच्यालाही. आदर्शवाद पटतो तो इथे, कारण त्याची किंमत वाचकाला मोजता येते. ल ग्विनच्या 'द डिस्पझेस्ड'मध्ये (1974) मालकी नसलेला समाज एका कोरड्या चंद्रावर वसवलाय, आणि त्या समाजाची परीक्षा होते ती दुष्काळात. आक्रमण, युद्ध असलं काही लागत नाही. कायदा नसलेल्या ठिकाणी लोकमतच कसं जाच करतं हेही तिथे दिसतं. आपला आदर्श कुठे कुजतोय हे तिने आधी स्वतःच सांगितलं, म्हणून सिनिकला बोलायला जागा उरली नाही.

हिशोब प्रत्यक्ष कसा ठेवायचा? एक वही घ्या, चार रकाने आखा: कुणी काय चांगलं केलं, त्याला काय खर्च आला, तो कुणी भरला, फळ कुठल्या प्रकरणात आणि कुणाला. सत्तर-ऐंशी हजार शब्दांच्या, तीसेक प्रकरणांच्या कादंबरीत अशा दहा-बारा नोंदी निघाव्यात. माझा ठोकताळा असा: चारांना फळ यावं, पण त्यातल्या तीन ठिकाणी ते करणाऱ्याला न मिळता दुसऱ्याला मिळावं. दोन-तीन नोंदी साफ बुडाव्यात. दोन उलट्याव्यात, म्हणजे भल्यासाठी केलेलं अंगावर यावं. उरलेल्या तशाच उघड्या सोडा. बाराच्या बारा फळल्या तर पुस्तिका. एकही नाही तर दोन प्रकरणांत वाचकाला नियम कळतो आणि तो पुढचं न वाचताच ओळखतो. काळ्या कादंबऱ्या कंटाळवाण्या होतात त्या बहुधा यामुळे, दुःखामुळे नाही. लबाडीच्या नोंदींचीही अशीच वेगळी पानं करा. लबाडीही कधी कधी बुडते, हे फार लेखक विसरतात.

आशेचा प्रसंग किती लवकर आणायचा, यालाही माप आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतात ना, तसंच. पहिल्या प्रकरणात शिक्षिका स्वप्न बोलून दाखवते तेव्हा जमिनीत ओल नसते, बी वाया जातं. आधी तिला दोन छोट्या कामांत अपयश येऊ द्या आणि एका छोट्या कामात, समजा तुडुमाजवळची बेशरम (पाण्याकाठी माजणारं तण) उपटण्यात, यश. ते सातव्या-आठव्या प्रकरणापर्यंत. नंतर मोठी गोष्ट बोलली तर चालेल.

दोन खोडी मात्र लगेच सुधारा. पहिली भाषेची. तुमचा कडवट पाणकर (पाणी वाटणारा) झाडीबोली, म्हणजे झाडीपट्टीची बोली, बोलतो आणि ध्येयवादी शिक्षिका पुस्तकी पुणेरी. याने न बोलता असं ठरतं की आशा बाहेरून बसने येते आणि हताशपणा इथल्या मातीत उगवतो. शिक्षिका इथलीच असेल तर तिचं सर्वांत मोठं स्वप्न तिने झाडीबोलीतच बोललं पाहिजे. ते वाक्य त्या बोलीत उतरत नसेल तर ते वाक्यच पोकळ आहे, असं समजून बदला. उलट यंत्राला शुद्ध प्रमाण मराठी द्या, 'सदर लाभार्थी' छापाची. ते छान शोभेल.

दुसरी, चौथ्या प्रकरणातली आत्महत्या. विदर्भ म्हटलं की गळफास, हा आता लेखनातला आयता ठसा झालाय, आणि तुमच्याकडे तर कापसाचा नाही, धानाचा पट्टा आहे. त्या माणसाचं नाव कथेत मरण्याआधी फक्त एकदा येतं. म्हणजे त्याचं मरण तुम्ही वातावरणासाठी वापरलं. एकतर त्याला तीन प्रकरणं जगू द्या, वहीत त्याच्या नावावर दोन नोंदी येऊ द्या, नाहीतर तो प्रसंग काढा. सिनिकपणा सगळ्यात जास्त अशा जागी शिरतो, लेखकाला न कळता.

हसू विसरू नका. झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसणारं माणूस एकाच रात्री डोळे पुसतं आणि पोट धरून हसतं, त्याला दोन्हींत विरोध वाटत नाही. तुमचा दुसरा मित्र रडण्याला भितोय ते हसण्याचा एकही प्रवेश नाही म्हणून. ग्रामसभेत यंत्राला हजेरी लावायची की नाही यावर वाद झाला तर एक प्रकरण सहज निघेल.

शेवटाबद्दल एवढंच. 'गाव मुक्त झालं' हे वाक्य खोडा, आणि त्यानंतरचा सूर्योदयही. उद्दिष्ट बदललंय, तुडुमाची वरची खुंटी काढलीय, पाणी सुटलंय. पाणकर पाटाच्या कडेने अनवाणी खाली चालत जातो. शेवटच्या बांधीत किती बोटं पाणी भरलं ते लिहा. माझ्या मते दोन बोटं. धानाला ते पुरणार नाही, पण मागच्या वर्षी तिथे भेगा होत्या.