भावाचा खालचा जबडा बाईकवरून पडून मोडला, ऑपरेशन झालंय, दात तारेने बांधलेत. किती दिवस पातळच द्यायचं आणि खर्च कसा भागवायचा?

साधारण सहा आठवडे चावायचं खाणं बंद धरा, आणि खर्चासाठी मेडिक्लेम असेल तर बिनधास्त टाका, अपघाताचं फ्रॅक्चर 'दातांचं काम' म्हणून नाकारता येत नाही. मी सरकारी डेंटल कॉलेजच्या वॉर्डात काम करते, तिथे क्लेम अडकतात ते बहुतेक कागदावरून, म्हणून डिस्चार्ज कार्डवर रस्ता अपघात, मँडिबल (म्हणजे खालचा जबडा) फ्रॅक्चर असं स्पष्ट लिहून घ्या, एमएलसीची (अपघाताची हॉस्पिटलात होणारी पोलीस-नोंद) कॉपी आणि सीटी स्कॅन जपून ठेवा. सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना कॅशलेस आहे, पण मंजुरी ऑपरेशनआधी लागते, भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही. पुढे हाड जोडायला बसवलेली प्लेट काढायची वगैरे वेळ आली तर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, भेटा.

खाण्याचं म्हणाल तर नुसत्या ज्यूसवर ठेवू नका, वजन झपाझप उतरतं. नाचणीची आंबील, तूप घातलेली पेज, घट्ट वरण मिक्सरला फिरवून गाळायचं, आणि सिरिंजला मऊ नळी लावून गालाच्या आतून शेवटच्या दाढेमागच्या फटीत हळूहळू सोडायचं. तार कापायचा कटर उशाशी हवाच, तो कसा वापरायचा ते घरी नेण्याआधी डॉक्टरांकडून बघून घ्या. उलटी आली तर आधी पुढे वाकवून बसवा. तंबाखू पूर्ण बंद, यात घासाघीस नाही.

फक्त कानाजवळचा सांधा मोडला असेल तर तारा लवकर काढून तोंड उघडायचा व्यायाम सुरू करतात, तिथे सहा आठवड्यांचा हिशोब चालत नाही, सर्जनलाच विचारा.