स्क्रूबॉल, मळसूत्र आणि फिरकी

प्रश्न असा आहे: 'इट हॅपन्ड वन नाइट' हा 1934चा चित्रपट पाहिला, इतका जुना असूनही फार आवडला. अशा चित्रपटांना 'स्क्रूबॉल कॉमेडी' का म्हणतात आणि मराठीत त्याला 'धमाल विनोदी' किंवा 'विक्षिप्त सुखात्मिका' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. दोन्ही नाही. 'धमाल' हा शब्द जाहिरातवाल्यांनी पार चोथा करून ठेवला आहे. 'विक्षिप्त सुखात्मिका' हे एखाद्या परिभाषा समितीच्या सभेत चहा येण्याआधी उरकलेलं काम वाटतं. ते वाचून हसू येतं खरं, पण चित्रपटाचं नव्हे.

त्याहून जास्त डोकं फिरतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. हल्ली कोणी केळीच्या सालीवरून घसरलं की लगेच 'काय स्क्रूबॉल आहे!' अहो, ते स्लॅपस्टिक. एका दारातून नवरा आत आणि दुसऱ्या दारातून भलताच माणूस बाहेर, तो फार्स. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांनी मराठी प्रेक्षकाला तो इतका छान दाखवला आहे की आपण तरी हा घोटाळा करू नये. स्क्रूबॉलमध्ये दोन माणसं लागतात, एक बाई आणि एक पुरुष. दोघं बोलण्यात तोडीस तोड, आणि दोघांचं भांडण हेच त्यांचं प्रेमप्रकरण. बाकी पडापडी असली तर असली.

आता शब्द. 'डोक्याचा स्क्रू ढिला म्हणून स्क्रूबॉल' असं सांगून बरेच जाणकार मोकळे होतात. अर्धवट उत्तर आहे. इंग्रजीत 'स्क्रू ढिला' हा प्रयोग एकोणिसाव्या शतकापासून आहे, मान्य. पण त्याच शतकात 'स्क्रूई' म्हणजे जरा चढलेला आणि 'स्क्रूड' म्हणजे टाइट! स्क्रू सैल झाला तर वेडा, आवळला तर दारुडा. भल्या माणसानं करायचं काय? सांगायचा मुद्दा, नुसत्या ढिल्या स्क्रूवर हा शब्द उभा राहत नाही. त्यातला 'बॉल' कुठून आला, हे ही मंडळी सांगतच नाहीत.

बॉल आला बेसबॉलमधून. कार्ल हबेल नावाचा न्यूयॉर्क जायंट्स संघाचा डावखुरा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, होता. चेंडू सोडताना तो मनगट नेहमीच्या उलट बाजूला पिळायचा. डावखुऱ्याचा साधा कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, उजव्या हाताच्या फलंदाजाकडे आत वळतो. हबेलचा हवेतच बाहेर जायचा. आपल्या क्रिकेटमधली गुगली आठवा: हात एक सांगतो, चेंडू दुसरंच करतो. 10 जुलै 1934 रोजी ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे निवडक नामवंतांच्या सामन्यात, हबेलनं ओळीनं पाच जणांना बाद केलं: बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स, अल सिमन्स आणि जो क्रोनिन. बेसबॉलमध्ये काडीचा रस नसलेल्यालाही यातलं पहिलं नाव माहीत असतं. हा चेंडू टाकून टाकून हबेलचा डावा हातच असा पिळला गेला की नुसता खाली सोडला तरी तळवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसायचा. त्या चेंडूचं नाव स्क्रूबॉल. चक्रम माणसाला 'स्क्रूबॉल' म्हणणं अमेरिकेत रूढ झालं तेही याच काळात, आणि 1936च्या 'माय मॅन गॉडफ्री'मधल्या कॅरोल लोंबार्डच्या श्रीमंत, बेताल पोरीबद्दल लिहिताना समीक्षकांनी तो शब्द वापरला. मग तो साऱ्या जातकुळीला चिकटला. म्हणजे ज्या चित्रपटावरून तुम्ही प्रश्न विचारलात, त्याला हे नाव मागाहून मिळालं.

माझं म्हणणं, पटो न पटो, असं की हे नाव ढिल्या स्क्रूपेक्षा त्या उलट्या मनगटाला जास्त शोभतं. या चित्रपटांत सगळं उलट्या बाजूला वळतं. बाई मागे लागते, पुरुष पळतो. तुमच्याच चित्रपटात कोट्यधीशाची मुलगी (क्लॉडेट कोल्बेर) उपाशी, नोकरी गेलेला बातमीदार (क्लार्क गेबल) तिला डोनट कॉफीत कसा बुडवायचा ते शिकवतो. लिफ्ट मागायची शास्त्रशुद्ध पद्धत म्हणून गेबल अंगठ्याचे तीन प्रकार करून दाखवतो, गाड्या भुर्रकन निघून जातात. कोल्बेर स्कर्ट थोडा वर करते आणि पुढच्याच गाडीचे ब्रेक किंचाळतात. आत येणार वाटतं, बाहेर जातं. यात वेडेपणा नाही, वळण आहे.

आणि इथेच आपली मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. कानातलं मागून ज्यानं घट्ट करतात ती फिरकी. प्रवासात नेतात तो आट्यांच्या झाकणाचा तांब्या, फिरकीचा तांब्या. म्हणजे स्क्रू झाला. वळणाऱ्या गोलंदाजीला आपण फिरकीच म्हणतो. बॉल झाला. आणि कोणाची फिरकी घेणं म्हणजे काय, हे सांगायला नको. कॉमेडी झाली! तीन शब्दांचं काम एका शब्दात. म्हणून मी 'फिरकीपट' म्हणतो. एका विद्वान स्नेह्यांनी यावर नाक मुरडून 'मळसूत्री विनोद' सुचवला. मळसूत्र हा स्क्रूसाठीचा अस्सल शब्द आहे, वादच नाही. पण 'मळसूत्री विनोद' पाहायला तिकीट काढून कोण जाईल?

फिरकी घेणं म्हणजे काय ते याच चित्रपटात बघा. घरातून पळालेल्या मुलीला शोधायला बापानं पाठवलेले गुप्तहेर, ती आणि गेबल उतरलेल्या पर्यटकांच्या खोलीत शिरतात. गेबल तिचे केस विस्कटतो आणि दोघं क्षणात प्लंबरची मुलगी आणि तिचा तापट नवरा होऊन एकमेकांवर अशी तुटून पडतात की हेर ओशाळून काढता पाय घेतात. आदल्या रात्रीपर्यंत एकमेकांचं तोंड न बघणारी ही दोन माणसं. खोटं भांडण मात्र वीस वर्षं संसार केल्यासारखं. हेर गेल्यावर दोघं हसत सुटतात. तुम्हाला चित्रपट का आवडला, त्याचं उत्तर मला विचाराल तर या दोन-तीन मिनिटांत आहे.

एक जळमट मात्र झाडायलाच हवं. दोघांच्या खाटांमध्ये दोरीवर टाकलेलं ते ब्लँकेट, बायबलमधल्या भिंतीवरून ज्याला चित्रपटात 'जेरिकोची भिंत' म्हणतात, सेन्सॉरच्या बडग्यामुळे आलं असं छातीठोकपणे लिहिलं जातं. पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता कागदावर 1930पासून होती, पण तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली जुलै 1934मध्ये. चित्रपट आला फेब्रुवारीत. पुढच्या फिरकीपटांना त्या बडग्यानं तोंडाळ केलं हे खरं, कारण जे दाखवता येईना ते बोलण्यातून आणावं लागलं. पण हे ब्लँकेट, मला वाटतं, दिग्दर्शक फ्रँक काप्रानं खुशीनं टांगलेलं आहे. आणि बघा, बडगा आला तो महिना आणि हबेलनं पाच जणांना बाद केलं तो महिना एकच. योगायोग असेल. मला तो आवडतो.

हिंदीत 1956चा 'चोरी चोरी' आणि 1991चा 'दिल है के मानता नहीं' ही याच कथेची रूपं आहेत, ती तुम्ही पाहिली असतीलच. पुढे काय पाहावं असं विचारलंत तर 'हिज गर्ल फ्रायडे' (1940) घ्या. मूळ नाटकातला पुरुष बातमीदार तिथे बाई केला आहे, आणि पात्रं एकमेकांचं वाक्य संपूच देत नाहीत. मात्र सबटायटल लावून बघा. 'ब्रिंगिंग अप बेबी'नं (1938) सुरुवात करू नका. त्यात बिबट्या आहे, डायनोसॉरचं हाड पळवणारा कुत्रा आहे, आणि तो पाहिल्यावर तुम्ही पुन्हा 'धमाल' म्हणाल.