दुसऱ्या लाइनवरून आलेल्या विनंतीचे उत्तर पहिल्या लाइनने बाहेर पडते

सांगलीच्या मार्केट यार्डातील आपल्या हळदीच्या पेढीत डेबियन या लिनक्स प्रणालीचा सर्व्हर आहे, त्याला दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइन दोन वेगळ्या नेटवर्क कार्डांवर जोडलेल्या आहेत, आणि पहिल्या लाइनच्या पत्त्यावर बाहेरून लॉगिन होते, दुसऱ्यावर मात्र फायरवॉल बंद करूनही होत नाही, असे आपण लिहिले आहे. फायरवॉलचा यात दोष दिसत नाही. ती आधी पुन्हा सुरू करावी.

पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, कोणत्या वाटेने पाठवायचे हे लिनक्स नेहमीच्या मांडणीत ते कोणाकडे जायचे आहे यावरून ठरवते; ज्या विनंतीचे ते उत्तर आहे ती कोणत्या कार्डावरून आली, हे पाहत नाही. त्यामुळे दुसऱ्या लाइनने आलेल्या विनंतीचे उत्तर डीफॉल्ट रूटने (वेगळी वाट नेमलेली नसेल तेव्हाच्या ठरलेल्या वाटेने), म्हणजे येथे पहिल्या लाइनने निघते, पण त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता दुसऱ्या लाइनचा असतो. स्वतः न दिलेल्या पत्त्याचे पॅकेट पहिली कंपनी बहुधा टाकून देते, आणि ते योग्यच आहे.

खात्री करायची तर दोन्ही कार्डांवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावून मोबाइलवरून लॉगिनचा प्रयत्न करावा. दुसऱ्या कार्डावर सिन (जोडणीची विनंती) आणि पहिल्या कार्डावर सिन-ॲक (तिचे उत्तर) दिसले, तर रोग हाच. सिन दिसूनही उत्तर कोठूनच निघत नसेल, तर आरपी-फिल्टरची, म्हणजे आलेल्या पॅकेटची परतीची वाट तपासणाऱ्या लिनक्सच्या सेटिंगची, किंमत पाहावी. ती १ असेल, तर परतीची वाट जुळत नाही म्हणून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, पॅकेट टाकून देते. येथे पुष्कळजण फसतात: कार्डाची किंमत ० केली तरी 'ऑल'ची, म्हणजे सर्व कार्डांसाठीची, १ असेल, तर दोहोंतील मोठी लागू होते.

उपाय म्हणजे दुसऱ्या लाइनसाठी वेगळे रूटिंग टेबल, म्हणजे वाटांची यादी. तिचा पत्ता १९८.५१.१००.२० आणि गेटवे (बाहेर जाण्याचे दार असलेले उपकरण) १९८.५१.१००.१ धरला, तर टेबल २०० मध्ये त्या गेटवेमार्गे दुसऱ्या कार्डावरून डीफॉल्ट रूट घालावा, आणि मग 'आयपी रूल ॲड फ्रॉम १९८.५१.१००.२० टेबल २००' असा नियम द्यावा. टेबलांचे २५३, २५४ व २५५ हे क्रमांक लिनक्ससाठी राखीव आहेत, ते वापरू नयेत. पेढीतील संगणकांच्या नेटवर्कचा रूटही त्याच टेबलात घालावा. मिरजेतील एका दवाखान्यात मी तो विसरलो होतो. बाहेरून सारे सुरळीत, आणि शेजारच्या खोलीतील संगणकाला मात्र सर्व्हर सापडेना, कारण त्याचे उत्तर इंटरनेटच्या लाइनवर निघाले होते.

हे काम दुरून करणार असाल, तर आधी 'शटडाउन -आर +१०', म्हणजे दहा मिनिटांनी रीबूटची आज्ञा, देऊन ठेवावी. वरील रूट व नियमाच्या आज्ञा रीबूटनंतर टिकत नाहीत, म्हणून हात चुकला तरी दहा मिनिटांनी सर्व्हर पूर्वपदावर येतो. सर्व जमले की 'शटडाउन -सी'ने तो बेत रद्द करावा. त्यानंतरच रूट व नियम इंटरफेसेस फाइलमध्ये (डेबियनची नेटवर्क मांडणी जिच्यात असते ती) दुसऱ्या कार्डाखाली 'अप'च्या ओळींत लिहावेत.

शेवटी 'आयपी रूट गेट ८.८.८.८ फ्रॉम १९८.५१.१००.२०' ही आज्ञा द्यावी. उत्तरात दुसऱ्या कार्डाचे नाव दिसले पाहिजे.