अमेरिकन कृष्णवर्णीय कलावती कारा वॉकर काळा कागद कापून गुलामगिरीची चित्रं कशी करते? सगळंच काळं, मग त्यात गोरा कोण हे कळतं कसं?

आधी दुसरा प्रश्न, कारण सगळं तंत्र त्यावरच उभं आहे. कळतं ते फक्त कडेवरून: ओठांचा फुगवटा, नाकाचा उतार, घेरदार झगा की अनवाणी पाऊल. कातडीचा रंग कागदानं काढूनच घेतलाय. ‘ही मालकीण, हा गुलाम’ हे ठरवतो आपण, डोक्यात आधीच बसलेल्या साच्यांवरून. वॉकरला पकडायचे असतात ते हे साचे, म्हणून ती ओठ-नाक मुद्दाम जुन्या टिंगलखोर चित्रांसारखे काढते. १९९७ मध्ये बेटी सार या ज्येष्ठ कृष्णवर्णीय कलावतीनं नेमक्या याच कारणासाठी तिच्याविरुद्ध पत्रमोहीम चालवली. आक्षेप पोकळ नव्हता. पुस्तकातल्या छोट्या छापील चित्रात हे सगळं खरोखर टिंगलच वाटतं. माणसाएवढ्या आकृतींशेजारी उभं राहिलं की मात्र अंगावर येतं.

आता कृती. वॉकर काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीनं किंवा खडूनं रेखाटते, धारदार कटरनं कापते, कागद उलटवते आणि मेणानं भिंतीवर चिकटवते. उलटवल्यामुळे खडूच्या खुणा मागे जातात, पण चित्रही आरशातल्यासारखं फिरतं. डावीकडे बघणारी बाई हवी असेल तर ती उजवीकडे बघणारी काढायची. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचं इथेच चुकतं.

करून बघायचं असेल तर आतपर्यंत काळा असलेला, साधारण १२० ते १६० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम) कागद घ्या. नुसता वरून काळा केलेला असेल तर कापलेल्या कडेला पांढरी रेघ दिसते. आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. उलट केलंत तर सुटा झालेला कागद पात्याबरोबर ओढला जाऊन बोटांसारखे बारीक भाग फाटतात. वळणावर हात नाही, कागद फिरवायचा. पातं बोथट झालं की कड केसाळ होते, आणि इथे कडेशिवाय दुसरं काहीच नाही. फेव्हिकॉल नको, पाण्यानं कागद फुगतो, सुरकुततो. मेणही थोडंच, नाहीतर पुढून तेलकट डाग उमटतो.

खरी कसोटी मात्र एकावर एक येणाऱ्या आकृतींची. दोन देह भिडले की मधली रेघ नाहीशी होते, त्यामुळे ओळख पटवणारा प्रत्येक अवयव बाहेरच्या कडेवर आणावा लागतो. वॉकर याच अडचणीचा फायदा घेते. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या ड्रॉइंग सेंटरमध्ये लागलेलं तिचं ‘गॉन’ हे भित्तिचित्र सुमारे १३ फूट उंच आणि ५० फूट लांब आहे. त्यात डावीकडे झाडाखाली चुंबनासाठी झुकलेलं जोडपं आहे, एकदम गोडगोड. मग लक्षात येतं, बाईच्या झग्याखालून पायांची आणखी एक जोडी बाहेर आलीय. कोणाचे पाय, झग्याआड काय चाललंय, हे काळा कागद सांगत नाही.

हे माध्यमही निष्पाप नाही बरं का. फोटोग्राफी येण्यापूर्वी अमेरिकेत अशा छायाकृती म्हणजे स्वस्तातलं पोर्ट्रेट. फिलाडेल्फियात चित्रकार चार्ल्स विल्सन पील यांच्या संग्रहालयात ८ सेंटला एक या दरानं त्या कापून देणारा मोझेस विल्यम्स आधी पील यांचाच गुलाम होता.

२००१ च्या ‘डार्कीटाउन रिबेलियन’ या कलाकृतीत वॉकरनं ओव्हरहेड प्रोजेक्टरनं भिंतीवर रंगीत प्रकाश टाकला. बघणारा मधून गेला की त्याची सावली कापलेल्या आकृतींमध्ये पडते, आणि तीही तितकीच काळी असते.