बाहेर ऑईल बदललं म्हणून इंजिनची वॉरंटी गेली का?

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. गाडी वडिलांच्या नावावर, 2023 ची टर्बो पेट्रोल, साडेअकरा लाखांची, वॉरंटी तीन वर्षांची आणि ती अजून चालू आहे. पहिल्या सर्व्हिसिंग शोरूमलाच केल्या. शेवटचं ऑईल मात्र उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडनं बदललं, तेही आधीच्या बदलापासून 7,200 किमीला पण चौदा महिन्यांनी. त्यानंतर चार महिन्यांनी करूळ घाटात ऑईलचा लाल दिवा लागला, लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली, तरी इंजिन जाम. आता सर्व्हिस सेंटर म्हणतंय बाहेर बदललंय, उशिरा बदललंय, वॉरंटी गेली, दोन लाख दहा हजार भरा, नाहीतर रोजचं पार्किंग लावू. काय करू?

उत्तर: दादा, आधी आज करायचं काम सांगतो, कायदा मागाहून बघू. इंजिन अजून उघडलं नसेल तर तुमच्या माघारी उघडू देऊ नका. वडिलांच्या नावाने मेल टाका, की "इंजिन आमच्या समक्षच खोलावं, चेंबरमधलं ऑईल, ऑईल फिल्टर आणि काढलेला एकही पार्ट फेकू नये, आणि वॉरंटी कुठल्या अटीखाली नाकारताय ते लेखी कळवावं." हाच मजकूर व्हॉट्सअॅपवर पण पाठवा. तोंडी नकाराला काही अर्थ नसतो, आणि ते ऑईल एकदा का त्यांच्या बॅरलमध्ये ओतलं गेलं की तुमचा सगळ्यात मोठा पुरावा गेला म्हणून समजा.

खोलताना स्वतः उभे राहा. कोरड्या स्वच्छ दोन बाटल्यांत ऑईल घ्या, झाकणावर टेप, टेपवर दोघांच्या सह्या, एक बाटली तुमच्याकडे एक त्यांच्याकडे, आणि सगळ्याचे फोटो. लॅबमध्ये त्यातनं कळतं की ऑईलमध्ये पेट्रोल किती मिसळलंय, धातूचा कीस किती आहे, ऑईलचा दाटपणा मॅन्युअलमधल्या ग्रेडशी जुळतो का.

आता पहिलं कारण, बाहेर बदललं. हे कारण कच्चं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला तेव्हा हेच सांगितलं होतं, की ग्राहक बाहेरच्या गॅरेजला गेला एवढ्यावरनं वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पुढं त्या प्रकरणात अपिलं झाली, पण पुढं कंपनीला नोटीस पाठवाल त्यात या मुद्द्याचा आधार जरूर घ्यायचा. मात्र मिस्त्रीचं बिल काढून नीट बघा. त्यावर नुसतं "ऑईल 4 लिटर" असं लिहिलंय की ग्रेडही आहे? मॅन्युअलमध्ये झिरो डब्ल्यू ट्वेंटी (0W-20) हे पातळ ऑईल सांगितलंय आणि बिलावर ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी (20W-50) हे बरंच दाट ऑईल निघालं तर तुमचाच पाय खोलात. ग्रेड लिहिलेली नसेल तर मिस्त्रीकडनं कुठल्या ब्रँडचं, कुठल्या ग्रेडचं ऑईल घातलं, फिल्टर बदलला का, हे सहीनिशी लिहून घ्या. खरं असेल तेच लिहून घ्या, मागची तारीख टाकून नवीन बिल अजिबात बनवायचं नाही, त्यानं अख्खी केस बुडते.

दुसरं कारण, उशीर. इथं मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना 10,000 किमी किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असं असतं आणि तुमच्या मॅन्युअलमध्येही तसंच असेल तर तुम्ही दोन महिने चुकलाय. गाडी कमी फिरली म्हणून ऑईल चांगलं राहतं असं नाही, उलट राजारामपुरी ते शाहूपुरी अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, मग आतला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्येच मुरतं. धूळ, ट्रॅफिक, सारख्या छोट्या फेऱ्या यांच्यासाठी मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा याहूनही कमी अंतर दिलेलं असतं, ते पान त्यांचा वकील काढणारच, तुम्ही आधी वाचून ठेवा.

पण दोन महिन्यांचा उशीर झाला म्हणजे इंजिन त्यामुळंच गेलं असं होत नाही ना. नंतर ताजं ऑईल घालून चार महिने गाडी चालली. ऑईल पंप गेला असेल, बेअरिंगमध्ये मूळचाच दोष असेल. देखभालीत कसूर झाली म्हणून वॉरंटी देत नाही असं कंपनीला म्हणायचं असेल तर त्या कसुरीनेच हे नुकसान झालं हे तिनेच दाखवावं, असा आपला युक्तिवाद राहील. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 38 प्रमाणे दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर ग्राहक आयोग नमुना योग्य प्रयोगशाळेत पाठवू शकतो, फी बहुतेक तुम्हालाच आधी भरावी लागेल. दिवा लागल्यावर तुम्ही किती अंतर गाडी चालवली हे विचारलं जाणार, इंजिनच्या कंट्रोल युनिटमधले फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, त्याही स्कॅन करून त्याची प्रिंट मागा. आणि शोरूमने काचेवर "पुढचं ऑईल 5,000 किमीला" असं स्टिकर लावलं असेल तर त्याला घाबरू नका, करार मॅन्युअल आणि वॉरंटी बुकलेटशी आहे, स्टिकरशी नाही.

लेखी नकार आला की 15 दिवसांची नोटीस, कंपनी आणि डीलर दोघांनाही. दरम्यान 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा, कधी कधी तिथंच मिटतं. नाही मिटलं तर कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठंही असो, कारण तक्रारदार जिथं राहतो तिथं दाखल करायची सोय आता कायद्यात आहे. साडेअकरा लाखांच्या गाडीला आयोगाची फी 400 रुपये. मुदत दोन वर्षांची, पण ऑईल दोन वर्षं कोण जपून ठेवणार, म्हणून लांबवू नका. तक्रार वडिलांच्या नावाने करा, गाडी त्यांची आहे.

गाडीवाचून धंदा अडत असेल आणि पैसे भरून दुरुस्त करून घ्यावीच लागली, तर बिलावर "हक्क राखून, हरकत नोंदवून रक्कम भरली" असं स्वतःच्या हाताने लिहून सही करा, जुने पार्ट मागून घरी आणा. "तक्रार नाही" असं छापलेल्या कागदावर सही करू नका. पार्किंगच्या धमकीला मेलने एकच उत्तर द्या, की वॉरंटीचा लेखी निर्णय तुम्ही देत नाही म्हणून गाडी तिथं उभी आहे, आणि हे भाडं आम्हाला मान्य नाही.